तिरका छेद

आप्पा डावखुरे आहेत हे त्यांना कधी कुणाला सांगावे लागले नाही. त्यांची प्रत्येक टोपली ते परस्पर सांगत असे. इतरांच्या टोपल्यांची वीण डावीकडून उजवीकडे जाते. आप्पांची उलट धावत असे, आणि वर काठाशी येऊन काळ्या फोकांच्या तिपेडी गोफात अशी मिटत असे, की शेवटचे टोक कुठे दडवले आहे ते शोधताना गिऱ्हाइकाची नखे दुखावीत. पावाच्या भट्टीचा मालक, लाँड्रीवाली बाई, फुलांचा दुकानदार, सगळे त्या जागेला ‘डावं दुकान’ म्हणत. भाषेने उजव्याला सरस आणि डाव्याला कमअस्सल ठरवून ठेवले आहे. त्या दुकानात मात्र भाषेचे काही चालत नसे.

दुकान म्हणजे घराच्या मागची पत्र्याची लांब खोली. खोलीबाहेर फोक भिजवायचा दगडी हौद, हौदापलीकडे ते फोक देणाऱ्या वाळुंजाची बाग. बाग म्हणावी असे तिच्यात काही नव्हते. दर थंडीत पाने झडली की झाडे जमिनीलगत छाटायची आणि उरलेल्या ठोसर खुंटांतून नवे सरळसोट फोक येण्याची वाट पाहायची, हा तिथला वर्षानुवर्षांचा क्रम. त्यामुळे तिथे झाड वाढताना दिसे, वाढलेले कधी दिसत नसे. पिवळे वाळुंज टोपलीच्या अंगासाठी, जाड तांबडे मुठींसाठी, आणि बारीक, चिवट, जांभळट काळे फक्त काठासाठी. घरात त्यांना नुसते पिवळी, तांबडी, काळी म्हणत.

आप्पांच्या डाव्या बाजूला, एकाच लांब बाकावर, त्यांची थोरली मुलगी बसे. घरात आणि घराबाहेर तिला थोरलीच म्हणत. तिचीही वीण उलट धावे. तिचाही डावा हात पुढे आणि उजवा मागे. गिऱ्हाइके कौतुकाने म्हणत, “लेकीनं बापाचा हात घेतलाय.” थोरली त्यावर मान खाली घालून फोक ओढत राही, कारण ते खरे नव्हते. थोरली उजवीच होती.

पायात चप्पल नसण्याच्या वयात ती एकदा आप्पांच्या शेजारी येऊन बसली होती, आणि आप्पांनी जसा डाव्या हातात फोक धरला होता तसाच तिने एक डाव्या हातात धरला. लहान मुले जे पाहतात ते करतात, यात काही विशेष नसते. पण आप्पांनी मान वर करून तिच्या आईला हाक मारली आणि म्हटले, “हिला माझा हात आलाय बघ.” आवाजात असा काही आनंद होता की थोरलीने तो फोक नंतर कधी हात बदलून धरलाच नाही. ती पाटीवर उजव्याने लिही, उजव्याने जेवी, उजव्याने कडी लावी. आणि आप्पांना त्यात काही वावगे वाटत नसे, कारण त्यांना स्वतःला लहानपणी मारून मारून उजव्याने लिहा-जेवायला लावले होते. त्यांची समजूत अशी, की लेकीचीही तीच गत झाली असणार. शाळेने तिचे जेवण नि अक्षर पळवले, निदान काम तरी आपण वाचवले. माणसाच्या गैरसमजाला त्याच्याच दुःखाचा आधार मिळाला, की तो मग पुराव्याला दाद देत नाही.

थोरलीने डावा हात शिकवून शिकवून तयार केला. तो हुकमी झाला, अचूक झाला, पण मोकळा झाला नाही. आप्पा तिची टोपली उलटसुलट करून पाहत आणि दरवेळी तेच म्हणत, “चांगली आहे. आवळलीस जरा.” जरा! हा ‘जरा’ तिने साऱ्या तरुणपणी ऐकला. लग्नाची बोलणी आली आणि गेली. ती बाकावरच राहिली, कारण तिचे काय राहिले होते ते तिला पक्के ठाऊक होते: आप्पांनी आजवर काठ कुणाला वळू दिला नव्हता. ज्या दिवशी देतील, त्या दिवशी तो तिलाच देतील. दुसरे होते कोण? धाकटा भाऊ टेम्पो चालवून टोपल्या पोचवी, आणि फोकाला हात लावला की त्याला शिंका येत.

मग धाकट्याने लग्न केले.

भावजय पडदे शिवणाऱ्या दुकानातून आली होती. पहिले काही दिवस ती दारात उभी राहून बघायची. मग एका सकाळी एक स्टूल उचलून आणले आणि सरळ आप्पांच्या समोर मांडून बसली.

“समोर कशाला?” आप्पा म्हणाले. “शेजारी बस. हात दिसतील.”

“समोरूनच नीट दिसतात, आप्पा. तुम्ही डावे, मी उजवी. आरशात बघितल्यासारखं. तुमचा डावा हलला की माझा उजवा हलवायचा, झालं.”

आप्पा हसले. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आली नव्हती. म्हणजे एका डोक्यात आली होती, पण त्या डोक्याला ती परवडणारी नव्हती. थोरलीच्या पोटात त्या क्षणी जे दुखले ते पुढे थांबले नाही.

भावजयीची पहिली टोपली वाकडी झाली. दुसरी बसकी. तिसरी आप्पांनी हातात घेतली, गोल फिरवली, पुन्हा फिरवली. वीण जगासारखी उजवीकडे जात होती. डाव्या दुकानात ती उपरी दिसत होती. थोरली टीकेची वाट बघत राहिली.

“मोकळा हात आहे हिचा,” आप्पा म्हणाले.

“घेर ओघळलाय खाली,” थोरली म्हणाली.

“ओघळेना. ओघळलेला सावरता येतो.”

आवळलेला सैल करता येत नाही, हे ते बोलले नाहीत. थोरलीने ते ऐकले.

हेवा हा मोठा व्यासंगी विकार आहे. प्रेमाला माणसाच्या चुका दिसत नाहीत असे म्हणतात. हेव्याला माणसातले काहीच दिसायचे राहत नाही. भावजयीचे पिळलेले केस, ओल्या फोकांचा भारा मांडीवर घेण्याची तिची ऐटबाज रीत, हौदातला फोक भिजला की नाही हे बोटाभोवती गुंडाळून पाहताना तिचे ओठ मिटून घेणे, आप्पांना ‘आप्पा’ म्हणताना शेवटचा स्वर जरा लांबवणे: थोरलीला आता हे सगळे पाठ होते. कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही ग्रंथाचा असा अभ्यास केला नसेल. त्या अभ्यासात एक पान फार वाईट निघाले. एकदा माळ्यावरून करंड्याचे झाकण घरंगळत खाली आले, आणि थोरलीने ते वरच्या वर झेलले. उजव्या हाताने. भावजय खाली उभी होती.

“अरे वा,” ती म्हणाली. “ताई, तुम्ही तर आमच्याच गोटातल्या निघालात.”

“काम कर आपलं,” थोरली म्हणाली.

भावजयीने काम केले. पण त्यानंतर ती कधी कधी थोरलीच्या हातांकडे बघे, आणि लगेच दुसरीकडे बघे. आणि हे दुसरीकडे बघणेच थोरलीला सहन होत नसे.

त्या थंडीत आप्पांची बोटे गेली. गेली म्हणजे थरथरू लागली. टोपलीचे बूड जमे, अंग जमे, पण काठ वळताना तीन पदर एकाच वेळी ताणावर धरावे लागतात, आणि त्यांतला एक पदर आता दरवेळी सुटे. त्याच थंडीत असेही दिसले, की काळ्या वाळुंजाचे जुने खुंट आतून पोकळ झाले आहेत. आप्पांनी छाटणी केली, शेवटचे धड फोक वेगळे काढले आणि सगळ्यांना हौदाजवळ बोलावले.

“काळीचा नवा वाफा करायचा. पाटाच्या कडेला, खालच्या ओलीत,” ते म्हणाले. “जो वाफा लावील त्यानं पुढं त्याच्या फोकांचा काठ वळायचा. मी शिकवीन. आता उशीर करून चालणार नाही.”

थोरलीने हात पुसले. ती एक पाऊल पुढे आलीदेखील.

“सूनबाई,” आप्पा म्हणाले, “तू लाव.”

पाट वाहत होता. धाकटा टेम्पोचे दार पुसत उभा होता, त्याचा फडका थांबला.

“आप्पा, ताई आहेत की,” भावजय म्हणाली.

“ताई आहेच. ताई कुठं जातेय. तिला बाकीची बाग आहे. काठाला मोकळा हात लागतो.”

“बरोबर आहे,” थोरली म्हणाली. आवाज इतका सरळ निघाला की तिलाच आश्चर्य वाटले. “मला बाकीची बाग आहे.”

वाळुंज लावण्यासारखे सोपे काम नाही. फोकाची कांडी कापायची, ओल्या मातीत खोचायची, पाय देऊन माती दाबायची. मुळे आपोआप फुटतात. फक्त एक सांभाळायचे. फोक वाढला त्याच दिशेने कांडी उभी राहिली पाहिजे. बुडखा खाली, शेंडा वर. काळीचे डोळे, म्हणजे फुटीच्या गाठी, इतके बारीक आणि सालीला इतके चिकटलेले असतात, की नुसत्या नजरेने खालवर ओळखू येत नाही. म्हणून त्या घरात जुनी रीत होती. कांडी कापतानाच बुडख्याला तिरका छेद घ्यायचा, शेंड्याला सपाट. तिरका जमिनीत, सपाट आभाळाकडे. एवढे ठाऊक असले की डोळे मिटून लावले तरी चालते. आणि रीत पाळणारी माणसे खरोखरच डोळे मिटून लावतात.

आप्पांनी थरथरत्या हाताने कांड्या कापल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून हौदाच्या सावलीत ठेवल्या. लावणी दुसऱ्या दिवशी होती. त्या दुपारी आप्पा पडले होते, भावजय वाफ्यातले दगड वेचत होती, धाकटा भट्टीवर टोपल्या घेऊन गेला होता. थोरली हौदाशी आली, गोणपाट उलगडले आणि सुरी काढली.

तिने रागाच्या भरात काही केले नाही, हे नोंदवून ठेवायला हवे. राग एव्हाना विझून त्याचे कसब झाले होते. एकेक कांडी उचलायची, बुडख्याचा तिरका भाग सपाट छाटायचा, शेंड्याला तिरका छेद घ्यायचा. कांडी बोटभर आखूड होई, पण कांड्या कोण मोजून बघतो. भावजय तिरका खाली घालील. एकूण एक कांडी डोक्यावर उभी राहील. काळी मरेल किंवा मेल्यासारखी जगेल, आणि आप्पा म्हणतील की मोकळा हात मोकळाच राहिला. छाटलेले तुकडे तिने पाटात सोडले. ते शांतपणे पलीकडच्या शेताकडे निघून गेले. गोणपाट पूर्वीसारखे गुंडाळताना तिच्या ध्यानात आले की आपण हे सगळे फार भराभर केले, आणि अजिबात दमलो नाही. याचा अर्थ तिला त्या दिवशी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी भावजयीने वाफा लावला. दोरी बांधून, ओळीत, तिरका जमिनीत, सपाट आभाळाकडे. आप्पा खुर्ची टाकून बसले होते.

“खोल घाल. दोन डोळे वर राहिले की पुरे.”

“डोळे दिसतायत कुठं, आप्पा? तुम्ही म्हणालात म्हणून घालतेय.”

“मग माझ्या भरवशावर घाल.”

थोरली लांब, पिवळीच्या खुंटांत वाकून खत घालत होती. तिने हे वाक्य ऐकले. एखाद्याने दुसऱ्यावर टाकलेला भरवसा लांबून ऐकण्याइतकी शिक्षा फार थोड्यांच्या वाट्याला येते.

उन्हे वाढली. पिवळी फुटली, तांबडी फुटली. काळीच्या वाफ्यात अर्ध्या कांड्या काड्यांसारख्या उभ्या राहिल्या. उरलेल्यांना फूट आली, पण फुटीचा रोख जमिनीकडे. तिथून ती जणू चूक कळल्यासारखी वळून, कोपर काढून वर चढत होती. भावजय रोज पाणी घाली आणि रोज आप्पांना सांगे, “काहीतरी चुकलंय.” शेवटी आप्पा काठी टेकत आले. त्यांनी एक कांडी उपटली, बाहीने पुसली, डोळ्यांशी धरली. सालीवरून अंगठ्याचे नख फिरवले.

“उलटी लावलीस.”

“नाही हो. तिरका खाली घातला. तुम्ही बघत होतात.”

आप्पांनी आणखी दोन उपटल्या. मग तिरक्या छेदावरची माती पाण्याने धुतली आणि उन्हात धरून पाहत राहिले. सुरी फिरते तेव्हा लाकडावर बारीक रेघा उमटतात. डाव्या हाताच्या रेघा एका अंगाला कलतात, उजव्याच्या दुसऱ्या. हे बाहेरच्याला सांगूनही दिसायचे नाही. आप्पांनी पिवळीचा एक फोक तोडला, आपल्या हाताने छेद घेतला, आणि दोन्ही शेजारी धरले.

“हा छेद माझा नाही,” ते म्हणाले. “उजव्या हाताचा आहे. मी कापलेल्या कांड्या तू परत कापल्यास.”

“मी सुरी लावलीच नाही त्यांना.”

“मग काय माझा हात रातोरात उजवा झाला? ह्या घरात उजव्यानं सुरी धरणारं दुसरं आहे कोण? तुझ्या नवऱ्यानं जन्मात सुरी धरली नाही.”

“मला तर बघूनच शिंक येते,” धाकटा म्हणाला. कुणी हसले नाही.

भावजयीने तोंड उघडले. मग तिने थोरलीकडे पाहिले. नुसता एक क्षण. आणि नेहमीसारखे दुसरीकडे पाहिले.

“कापल्या असतील, आप्पा,” ती म्हणाली. “टोकं सुकल्यासारखी वाटली म्हणून नव्यानं घेतली असतील. आता आठवत नाही.”

“आठवत नाही,” आप्पा म्हणाले. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरे झाले असते. “शिकाऊ माणसाची चूक झाली की मला चालते. चूक करून आठवत नाही म्हणणारा माणूस मला काठाला चालत नाही. उद्यापासून तू बुडं विण. काठ थोरली वळेल.”

असा तो काठ थोरलीला मिळाला. जे हवे ते मिळाले की माणसाला आनंद होतो, असे लिहिणाऱ्यांना फारसे काही हवे झालेले नसावे.

आप्पा शेजारी बसून शिकवू लागले. जुन्या काळीचे उरलेले फोक भिजवून, ओल्या कापडात मुरवून घेतले होते. “हा मागून. हा पुढून. ह्याला दाबू नकोस, त्याला जागा दे. अगं, गळा नाही आवळायचा कुणाचा, काठ वळायचाय.” थोरलीचा डावा हात होता तेवढ्या निष्ठेने राबत होता. फोक कोपऱ्यावर तडकत होते. समोर भावजय मुकाट्याने बुडे विणत होती, आणि थोरलीला दिसत होते की ती बुडेसुद्धा सुंदर विणते.

काही दिवसांनी दोघी हौदावर एकत्र आल्या. भावजय भिजलेला भारा उपसत होती. थोरलीने तिच्याकडे न बघता विचारले, “आप्पांना का नाही सांगितलंस?”

“काय?”

“जे माहीत आहे ते.”

भावजयीने भारा कठड्यावर टेकवला, पाणी निथळू दिले. “सांगून काय करू? त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्यासारख्या आहात. परवा लाँड्रीवाल्या बाईंनासुद्धा तेच सांगत होते. खूश होऊन.” तिने सुटलेला एक फोक भाऱ्यात सारला. “मला काय, बुडंही आवडतात विणायला. माझ्याकडे नवरा आहे, उद्या मुलंबाळं होतील, हात तरुण आहे. तुमच्याकडे एवढं एकच आहे, ताई. ते मी कशाला काढून घेऊ?”

“उपकार करतेस?”

“नाही हो. खरंच नाही,” भावजय म्हणाली, आणि ते खरे होते. “आणि त्या वाकड्या रोपांना मी उपटलेलं नाही. येत्या थंडीत त्यांच्या मुठी करून बघणार आहे. बुडातूनच वळलेली मूठ, वाकवायलाच नको. आप्पांना नका सांगू इतक्यात.”

भारा खांद्यावर टाकून ती आत गेली. खांद्यावरून पाणी ओघळत होते आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

थोरली हौदाशी उभी राहिली. तिने आजवर भावजयीचा हात हेरला होता, स्टूल हेरले होते, आप्पांच्या तोंडची स्तुती हेरली होती. आता तिला कळले की सगळ्यात मोठी चीज तिच्या नजरेतून निसटली होती. ह्या बाईने आपले बोलणे गिळले, बुडे पत्करली, अपराध अंगावर घेतला, आणि तेही त्याच हाताने, जसा फोक ओढते तसा, न आवळता. आपण आयुष्य घालून जे मिळवले ते तिने आपल्याला देऊन टाकले होते. ह्यापुढे थोरली बाकावर बसणार ती तिच्या परवानगीने, काठ वळणार तो तिच्या दयेने, आणि आप्पा जेव्हा ‘माझा हात’ म्हणतील तेव्हा समोर बसलेली ती दुसरीकडे बघणार. सगळे तिला मिळाले असते तरी थोरलीने एखादे वेळी सोसले असते. पण मोठेपणाही तिलाच? तो मात्र नाही.

पश्चात्तापाला इथे जागा शोधण्याचे कारण नाही. थोरलीला पश्चात्ताप झाला नव्हता. तिचा हेवा पूर्ण वाढला होता, इतकेच.

सकाळी आप्पा बाकावर येऊन बसले. धाकटा दारात टोपल्या मोळी करून बांधत होता. भावजय समोर स्टुलावर होती. थोरलीने काठ वळायची राहिलेली आप्पांची टोपली मांडीवर घेतली, मुरवलेले काळे फोक शेजारी मांडले, आणि हात बदलले.

आधी आप्पांना कळले नाही. मग त्यांची काठी जमिनीवरून उचलली गेली आणि तशीच राहिली. थोरलीचा उजवा हात मागून पुढे आला, पदर दाबला, दुसऱ्याला जागा दिली, तिसरा उचलला. डावा हात इतके दिवस जे शिकला होता ते सगळे उजव्याला येत होते. वाट बघत बसलेल्या माणसासारखे ते लगेच उठून आले. फोक तडकला नाही. उभ्या फोकांवर काठ जगाच्या दिशेने धावू लागला. आप्पांच्या उलट्या विणीवर तो सुलटा काठ विचित्र दिसत होता, आणि तो चांगला होता, हे त्या खोलीतल्या तिघांना दिसत होते. चौथ्याला शिंक आली.

तिने शेवटचे टोक आत दडवले, सुरीने उरलेले छाटले, आणि तो छाटलेला तुकडा आप्पांच्या हातावर ठेवला. तिरका.

आप्पांनी तो उन्हाकडे धरला. बराच वेळ धरला. छेदावरच्या रेघा उजव्या हाताच्या होत्या.

“कधीपासून?” त्यांनी विचारले.

“पहिल्यापासून.”

“आणि कांड्या?”

“मीच.”

“आप्पा, जाऊ द्या ना,” भावजय म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस,” थोरली म्हणाली. “तुझं झालंय देऊन. आता मी देतेय.”

आप्पांनी तुकडा खाली ठेवला. “मग इतकी वर्षं डाव्यानं का झिजत राहिलीस? मी बांधून घातलं होतं का तुला?”

“तुम्ही आईला म्हणाला होतात. हिला माझा हात आलाय.”

आप्पांनी आठवायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला, कपाळावर आठ्या पडल्या, डोळे हौदाच्या दिशेने गेले आणि रिकामे परत आले.

“असं म्हणालो होतो?” ते म्हणाले.

 थोरलीने मांडीवरचा भुसा झटकला. तो आप्पांच्या त्या वाक्यासारखाच हलका होता. तिने मात्र त्या वाक्यावर घर बांधले होते.

आप्पांनी टोपली तिच्या मांडीवरून उचलली, गोल फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. काठावरून अंगठा फिरवत ते दोन्ही टोके जुळतात तिथे आले आणि टोक त्यांना सापडले नाही.

“मोकळा आहे,” ते म्हणाले.

हाच तो शब्द. कांड्या कापणाऱ्या हाताला तो मिळाला, आणि मिळाला तेव्हा शेजारी नुसताच ठेवलेला तिचा डावा हात काही काम नसल्यासारखा मांडीवर पडून होता.

“कांड्यांचं मी विसरणार नाही,” आप्पा म्हणाले. “येत्या थंडीत जुन्या खुंटांत काही धड फोक निघाले तर वाफा पुन्हा सूनबाईच लावील. तू पाणी घालशील.”

“घालीन.”

“आणि इथून ऊठ.”

थोरली उठली. तिला वाटले, बाहेर जा म्हणताहेत. तिने सुरी पुसून म्यानात घातली. पण आप्पांनी काठीने बाकाकडे नव्हे, पलीकडे दाखवले.

“उजव्या माणसानं शेजारी बसून काय दिसणार? समोर बस. तिच्याजवळ.”

धाकट्याने आतून दुसरे स्टूल आणून दिले आणि टेम्पो सुरू करायला तो बाहेर सटकला. थोरली स्टूल घेऊन खोलीच्या त्या बाजूला गेली, जिथून तिने आप्पांना आजवर कधी पाहिले नव्हते. समोरून ते म्हातारे दिसत होते. त्यांच्या डाव्या बाजूला बाकावर एका माणसाएवढी जागा गुळगुळीत झालेली होती.

भावजयीने मान वर न करता आपला भारा पायाने जरा ओढून घेतला आणि जागा केली. थोरली बसली. शेजारच्या मांडीवर तिला एक बूड दिसले, जवळजवळ पुरे झालेले, अगदी सपाट, अगदी गोल. तिने ते डोळ्यांनी मोजले, आपला फोक उचलला, आणि वीण जरा भराभर चालवली.